‘आधी वजन वाढू दे’ म्हणणारी मी

एसएनसीयूत, म्हणजे आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांच्या विभागात, लागले तेव्हा डोक्यात एकच पक्कं होतं: कमी वजनाचं बाळ ऊब देणाऱ्या वॉर्मरमध्ये, आई दाराबाहेर. "सिस्टर, जरा घेऊ का?" असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, "आधी वजन वाढू दे."

कांगारू केअरचं, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देण्याचं, ट्रेनिंग झालं होतं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटाला इन्क्युबेटर अपुरे पडत होते, म्हणून डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली, असं शिकवलं. मला वाटलं, ज्यांच्याकडे यंत्रं नाहीत त्यांच्यासाठी आहे हे.

आमच्यातल्या बऱ्याच जणींना असंच वाटायचं. तो कामचुकारपणा नव्हता. ड्युटीला दोघी आणि बाळं चौदा. वॉर्मरमधल्या बाळाचा रंग दिसतो, छाती हलताना दिसते. गाऊनच्या आत गेलेल्या बाळाचा श्वास थांबला तर? इन्फेक्शन झालं तर? जबाब आम्हालाच द्यायचा असतो.

मग एक बाळ आलं, ३२ आठवड्यांचं, १,३८० ग्रामचं. ऑक्सिजन निघाला, नळीने दूध सुरू झालं आणि डॉक्टरांनी केएमसी, म्हणजे कांगारू मदर केअर, लिहिली. मी अर्धा तास द्यायची आणि फीडची वेळ झाली की बाळ परत वॉर्मरमध्ये. इन्चार्ज सिस्टरांनी ते पाहिलं. "अगं, सारखं उचल-ठेव केल्याने बाळ जास्त दमतं. नळीचं दूध छातीवरच दे की."

त्या रात्री तसं केलं. बाळाला फक्त टोपी, लंगोट, मोजे. आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं धरलं, मान एका बाजूला, पाय बेडकासारखे दुमडलेले, वरून कापडाने बांधलं. पायाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा सॅचुरेशनचा प्रोब. सीझरचे टाके दुखत होते, म्हणून तिच्या पाठीला तीन उशा लावल्या. वॉर्मरमध्ये ३६.२ वर अडलेलं तापमान तासाभरात ३६.८ झालं.

पहाटे तीनच्या सुमारास तिने हाक मारली, "सिस्टर, ह्याचा श्वास वेगळा लागतोय." मॉनिटर अजून वाजलाही नव्हता. पाहिलं तर बाळाची मान पुढे वाकली होती. सरळ केली, सगळं ठीक झालं. चौदा बाळांवर फिरणाऱ्या माझ्या नजरेला ते इतक्या लवकर दिसलं नसतं. ज्या भीतीपोटी मी बाळ तिला देत नव्हते, ती भीती त्या पहाटे गेली.

पुढे २०२१ मध्ये पाच देशांतला अभ्यास आला. त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं. जन्मानंतर बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता केएमसी दिली, तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाला ८ ते २४ तास म्हणते.

८ तास एकट्या ओल्या बाळंतिणीकडून होत नाहीत. म्हणून दुपारी आजीला हात धुवायला लावून बसवते, वडिलांनाही. आमच्याकडे मागे रेलता येईल अशा खुर्च्या दोनच आहेत, आडोशाला पडदा एक. दर महिन्याच्या मागणीपत्रात मी दोन्ही लिहिते.