बाजाराची मालकी आणि बाजाराचे सॉफ्टवेअर

जिग्नेश शहा यांच्या फायनान्शियल टेक्नॉलॉजीज या मुंबईच्या कंपनीने शेअर दलालांसाठी ‘ओडिन’ ही सौदे करण्याची प्रणाली तयार केली आणि पुढे २००३ मध्ये एमसीएक्स हा वस्तू वायदेबाजारच उभा केला. सोने, चांदी, तांबे आणि कच्चे तेल यांचे वायदे, म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला व्यवहार करण्याचे करार, ज्या बाजारात होत, तो बाजार आणि त्याची यंत्रणा दोन्ही एकाच समूहाची होती. भारतीय अभियंत्यांनी घडवलेल्या या कामाबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो.

जुलै २०१३ मध्ये याच समूहाच्या एनएसईएल या बाजारात सुमारे ५,६०० कोटी रुपयांची देणी थकली. त्यानंतर वायदेबाजार आयोग या तेव्हाच्या नियामकाच्या आदेशामुळे फायनान्शियल टेक्नॉलॉजीजला एमसीएक्समधील हिस्सा विकावा लागला, आणि २०१४ मध्ये कोटक महिंद्र बँकेने त्यातील पंधरा टक्के घेतला. मालकी अशी बदलली, पण एमसीएक्सचे सॉफ्टवेअर मात्र फायनान्शियल टेक्नॉलॉजीजचेच राहिले. २०१६ पासून त्या कंपनीचे नाव ६३ मून्स आहे.

बाजाराची प्रणाली बदलणे इतके अवघड का असते, हे २० एप्रिल २०२० च्या घटनेवरून समजते. त्या दिवशी अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला आणि एमसीएक्सला आपल्या वायद्याचा अंतिम भाव उणे २,८८४ रुपये प्रति बॅरल ठरवावा लागला. भाव शून्याखाली जाणार नाही हे गृहीतक बाजारात इतके मुरलेले होते की ऋण भावाने सौदे नोंदवण्याची सोय त्यानंतर करावी लागली. एकाच भावाच्या दोन मागण्यांपैकी आधी आलेली आधी पुरी करणे, सभासदाचे मार्जिन म्हणजे सौद्यासाठी ठेवलेली अनामत तपासणे, वायद्याच्या अखेरीस हिशेब चुकता करणे अशा प्रत्येक टप्प्यावर ही गृहीतके दडलेली असतात आणि प्रणाली बदलताना ती एकेक करून पुन्हा शोधावी लागतात.

एमसीएक्सने नवी प्रणाली उभारण्याचे काम टीसीएस या सॉफ्टवेअर कंपनीकडे दिले, पण सप्टेंबर २०२२ मध्ये ६३ मून्सशी असलेला जुना करार संपला तेव्हा ती तयार नव्हती. मुदतवाढी घ्याव्या लागल्या, आणि जुलै २०२३ पासून त्यासाठी तिमाहीला १२५ कोटी रुपये मोजावे लागले. या दराबद्दल ६३ मून्सला दोष देणे मला योग्य वाटत नाही, कारण दुसरा पर्याय हाताशी नसलेल्या ग्राहकाला व्यवहारात भाव ठरवता येत नाही. खरा प्रश्न एमसीएक्सच्या संचालक मंडळाला विचारायला हवा: २०१४ मध्ये मालकी वेगळी झाली, त्याच वर्षी पर्यायी प्रणालीची तयारी का सुरू झाली नाही? ३ ऑक्टोबर २०२३ ला ठरलेले नव्या प्रणालीवरचे स्थलांतर सेबी या बाजार नियामकाच्या सूचनेवरून लांबले आणि अखेर १६ ऑक्टोबरला एमसीएक्सचे सौदे टीसीएसच्या प्रणालीवर सुरू झाले.