नाईल क्रूझ घेताय? एडफूला किती वेळ देणार ते आधी विचारा

केबिन केवढी, बुफेत व्हेज काय असतं हे नंतर विचारा हो, आधी एजंटला विचारा इजिप्तमधल्या एडफूच्या देवळात किती वेळ देणार. आम्हाला जेमतेम तासभर मिळाला, त्यातला निम्मा गेटवरच्या गर्दीत गेला आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाहीये.

लक्सर-अस्वान मार्गावरच्या मोठ्या बोटी बहुतेक एकाच टाइमटेबलवर चालतात, त्यामुळे सकाळी सकाळी सगळे एकदमच धक्क्यावर उतरतात. पुढे देवळापर्यंत घोडागाडी, टूरमध्येच धरलेली. आमच्या घोड्याच्या पाठीवर पट्ट्याखाली ओली जखम होती, माश्या बसलेल्या. मी बसलेच नाही, रिक्षा केली, आणि ती निघाली बजाजची! तुम्हीही रिक्षाच करा, भाडं आधी ठरवा, सुटे इजिप्शियन पाउंड जवळ ठेवा.

देऊळ इ.स.पू. 237 मध्ये बांधायला घेतलेलं, नंतर शतकानुशतकं वाळूत गाडलेलं, वर लोकांची घरं. 1860 च्या सुमारास मारिएट नावाच्या फ्रेंच माणसानं ते मोकळं करायला घेतलं. वाळूत राहिलं म्हणून तर इतकं धड उरलंय. सगळी गर्दी होरसच्या, म्हणजे इथल्या ससाणारूपी देवाच्या, ग्रॅनाइटच्या ससाण्यापाशी फोटोला. तुम्ही तिथे थांबू नका, देऊळ आणि बाहेरची भिंत यांच्यामधल्या बोळात शिरा, पश्चिमेच्या बाजूला. तिथे होरस बोटीत उभा राहून त्याच्या शत्रूला, सेत देवाला, भाल्यानं मारतोय आणि सेत म्हणजे पाणघोडा, पण कोरलाय मांजराएवढा! शत्रू भिंतीवरसुद्धा मोठा दिसता कामा नये म्हणून. एका ठिकाणी तर होरसची आई इसिस बोटीच्या टोकाशी गुडघ्यावर बसून त्या पाणघोड्याचा दोर धरून आहे, लेकाच्या लढाईत आई स्वतः उतरलेली. मला तिथून हलवेना, आणि गाइडच्या हाका सुरू.

बाकी कार्नाक, कोम ओम्बो, फिली ही देवळं, सगळं झालं, छानच झालं. व्हॅली ऑफ द किंग्जच्या साध्या तिकिटात तीनच थडगी बघता येतात, पहिल्या सेती राजाच्या थडग्याचं तिकीट वेगळं आणि महाग, तरी काढा.

मी पुन्हा गेले तर दहबियानंच जाणार. शिडाची छोटी बोट, पैसे जास्त पडतात, पण ती मोठ्या बोटींच्या वेळेला बांधलेली नसते, एडफूला गर्दी ओसरल्यावर जाऊ म्हटलं तर जाता येतं.