पंख्याचं पातं आणि रजेचा फॉर्म

आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरातल्या पंख्याच्या प्रत्येक पात्यावर देणगीदाराचं नाव रंगवलेलं आहे. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही आणि बंद असला की उकडतं.

इथे लियाँच्या ऑफिसात मार्चमध्ये एचआरचा मेल आला तेव्हा मला तो पंखा आठवला. एका सहकाऱ्याची मुलगी गंभीर आजारी होती आणि त्याची सगळी रजा संपली होती. कुणाला आपल्या रजेतले दिवस त्याला द्यायचे असतील तर फॉर्म भरा, नाव त्याला कळणार नाही.

फ्रान्समध्ये यासाठी ९ मे २०१४ चा कायदाच आहे. लोक त्याला ‘मातीस कायदा’ म्हणतात. मातीस हा कॅन्सर झालेला लहान मुलगा. त्याचे वडील सँ-गालमिए गावी बादुआ पाण्याच्या कारखान्यात कामाला होते. त्यांची रजा संपली तेव्हा बरोबरच्या कामगारांनी मिळून १७० दिवस दिले. २००९ च्या शेवटी मुलगा गेला. पुढे इतरांना ही सोय मिळावी म्हणून वडील झटले. कायद्याने रजेचे २४ दिवस, म्हणजे शनिवार धरून चार आठवडे, स्वतःसाठी ठेवावेच लागतात. त्यावरचा पाचवा आठवडा आणि जादा तासांच्या बदल्यात मिळालेली रजा देता येते. मालकाची मंजुरी लागते, आणि बदल्यात काही घ्यायचं नाही.

कोण देणार, याचा मी मनातल्या मनात अंदाज बांधला. वाढदिवसाला केक आणणारी, सगळ्यांची चौकशी करणारी बाई नक्की देणार. आणि मीटिंगला दोन मिनिटं उशीर झाला तर घड्याळाकडे बघणारे, माझ्या फ्रेंचमधले स्वल्पविराम सुधारणारे आमचे अकाउंट्सवाले? छे!

दोनच दिवसांनी तेच माझ्या टेबलाशी आले. फॉर्म अडकला होता. “आठ दिवस टाकलेत, पण आधी कुठल्या खात्यातून कापतात ते दाखवत नाही.” रकाना रिकामा राहिलेला त्यांना बघवत नव्हता. केकवाल्या बाईने एकही दिवस दिला नाही, तेही सरळ सांगून. एकटीने दोन मुलं सांभाळते, आणि इथल्या शाळांना दर सहा-सात आठवड्यांनी दोन आठवडे सुट्टी. पण त्या सहकाऱ्याच्या ग्राहकांचे फोन महिनाभर तिनेच घेतले. त्यासाठी कुठलाच फॉर्म नव्हता.

डेनिस ऑर्गन नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने कॅथरीन रायनबरोबर १९९५ मध्ये अशा मदतीवरचे ५५ अभ्यास एकत्र तपासले होते. स्वभावापेक्षा ‘इथे आपल्याला न्यायाने वागवतात’ ही भावना जास्त वजनदार निघाली. स्वभावगुणांत त्यातल्या त्यात टिकला तो काटेकोरपणा. अकाउंट्सवाल्यांचा आठाचा आकडा बघून मला ते पटलं. पण रजा शिल्लक असायलाही नशीब लागतं, हे केकवाल्या बाईकडे बघून कळलं.

मी दोन दिवस दिले. मला पाचच देता येत होते, आणि दिवाळीचं विमान डोळ्यांसमोर होतं. तीन दिवस राखून ठेवताना बोटांवर हिशोब केला, तो अजून टोचतो.

रविवारी फोनवर आईला सांगितलं.

“त्याला कळलं का, तू दिलेस ते?”

“नाही, कळतच नाही.”

“मग मला कशाला सांगतेस?”