पासपोर्ट अमेरिकेचा, बिऱ्हाड बेलग्रेडात

चिंचवडच्या मावशीपासून न्यू जर्सीच्या जुन्या शेजाऱ्यांपर्यंत सगळे गेली चार वर्षं एकच प्रश्न दोन तुकड्यांत विचारतात. "अमेरिकन पासपोर्ट घेऊन सर्बियात राहता? लोक धड वागतात का तुमच्याशी?" त्याचं उत्तर अर्ध्यावर असतं तोवर पुढचा तुकडा येतो, "बरं, पण तिथे दिवसभर करता काय?" फोनवर मी "छान चाललंय हो" म्हणून वेळ मारून नेते. तुम्ही विचारलंतच आहे, तर आज नीट सांगते.

दुसरा तुकडा सोपा, म्हणून तो आधी. नवऱ्याचं ऑफिस सावा नदीपलीकडच्या नवीन बेलग्रेडात आहे, घरही तिथेच. समाजवादी काळात आखलेला हा भाग. पत्ते ब्लॉकच्या आकड्यांवर चालतात, इमारती काँक्रीटच्या आणि उंच, मधे मात्र भरपूर झाडं. इथे एक रस्ता गांधींच्या नावाचा आहे, एक नेहरूंच्या. माझं काम न्यू जर्सीच्या घड्याळावर चालतं. तिथे सकाळचे नऊ होतात तेव्हा इथे दुपारचे तीन, त्यामुळे सकाळ माझी. 1 जानेवारी 2025 पासून शहरातल्या बस आणि ट्राम सगळ्यांना फुकट झाल्या आहेत. पिशवी उचलायची आणि सुटायचं.

बहुतेक वेळा मी 'पियात्सा'ला, म्हणजे मंडईत जाते. भेंडी मिळते, तिला 'बामिया' म्हणतात, पण करंगळीच्या पेराएवढी. आईला व्हिडिओवर दाखवली तर म्हणाली, "अगं, बाळसं तरी धरू द्यायचं होतं तिला." कोथिंबीर दिसली की मी दोन जुड्या जास्त घेते, पुन्हा कधी दिसेल याचा भरवसा नाही. भाजीवाली सुट्टे पैसे परत करते त्याला 'कुसुर' म्हणतात. आपला 'कसर' आणि हा एकाच घरातले. मूळ अरबी. एक तुर्कांबरोबर बाल्कनात उतरला, दुसरा फारसीचं बोट धरून आपल्याकडे आला. वेटरला द्यायची टिप 'बाक्शिश', साखर 'शेचेर', वैरी 'दुश्मान'. शहरातला किल्ला 'कालेमेग्दान', त्यातला 'मेग्दान' म्हणजे आपलं मैदान आणि 'काले' म्हणजे किल्ला.

नात्यांचे शब्द कळले तेव्हा तर मला माहेरी आल्यासारखं झालं. दिराला 'देवेर', जावेला 'येत्र्वा', सुनेला 'स्नाहा', तीच आपली स्नुषा. साडूसाठीसुद्धा इथे स्वतंत्र शब्द आहे, 'पाशेनोग'. अमेरिकेत अठरा वर्षं मी जाऊ, नणंद, वहिनी सगळ्यांना 'सिस्टर-इन-लॉ'च्या एकाच पोत्यात कोंबत होते. बायकोच्या बहिणीला सर्बियन भाषेत 'स्वास्तिका' म्हणतात. हे कळल्यावर नवऱ्याने त्याच मिनिटाला माझ्या बहिणीला फोन लावला, तिकडे रात्रीचे दोन वाजले होते.

एक शब्द मात्र दगाबाज निघाला, 'चाय'. पहिल्या हिवाळ्यात जिन्यात वरच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. मी हातातला कप दाखवून म्हटलं, "चाय". त्यांनी पटकन माझ्या कपाळाला हात लावला. इथे चाय म्हणजे पुदिन्याचा नाहीतर कॅमोमाइलचा काढा, आणि तो माणूस आजारी पडला की पितो. धडधाकट माणसाने कॉफी प्यावी, घरची, पितळी भांड्यात उकळलेली, तळाशी गाळ बसलेली. मी दुधात आलं घालून उकळते हे समजल्यावर आजी दोन दिवस विचारत होत्या, "घसा बरा आहे ना?"

मांसाहार न करणाऱ्यांनी घाबरू नये. 'पोस्नो' एवढा शब्द पाठ करून यावा. ऑर्थोडॉक्स उपासाचं खाणं ते, त्यात मांस, दूध, अंडी काही चालत नाही. ईस्टरच्या आधीचे सात आठवडे तर बेकऱ्यांतसुद्धा पोस्नोच्या पाट्या लागतात. मासे मात्र पुष्कळदा चालतात, तेवढं विचारून घ्यावं.

कागदपत्रांचं लांबवत नाही. परदेशी माणसाची चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद व्हावी लागते, त्याचा 'पांढरा कागद' मिळतो, तो जपायचा. अमेरिकेचं नागरिकत्व असेल तर तिथलं प्राप्तिकराचं विवरणपत्र तुम्ही कुठल्याही देशात राहिलात तरी भरायचंच असतं. भारतीय पासपोर्टवाल्यांना पूर्वी तीस दिवस व्हिसाशिवाय येता यायचं, 2023 पासून ते बंद झालं. आईच्या फायलीची जाडी विचारू नका.

आता पहिला तुकडा. अमेरिकन म्हणून कुणी त्रास देतं का? चार वर्षांत एकदाही नाही. पण इथे कुठेही फिरायला जा, वाटेत 1999 उभं असतं.

रविवारी आम्ही आवालाला जातो. बेलग्रेडच्या दक्षिणेला साधारण पाचशे मीटरचा डोंगर, आपली पर्वतीच समजा, जरा उंच. वर 204 मीटरचा टीव्हीचा मनोरा आहे. वर कॉफी मिळते, हवा स्वच्छ असली की लांबवर दिसतं. हा मनोरा नवा आहे, 2010 मध्ये उघडलेला. जुना 29 एप्रिल 1999 ला नाटोच्या, म्हणजे अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांच्या, बॉम्बनी पडला. नोवी सादला जा, तिथल्या डॅन्यूबवरचे तिन्ही पूल त्याच वर्षी पाण्यात गेले होते. बेलग्रेडात क्नेझा मिलोशा रस्त्यावर जनरल स्टाफची, म्हणजे लष्करी मुख्यालयाची, इमारत इतकी वर्षं फाटलेल्या पोटासारखी तशीच ठेवली. तिथे अमेरिकन गुंतवणुकीतून आलिशान हॉटेल काढायचा घाट घातला गेला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. ती बॉम्बफेक 24 मार्चला सुरू झाली आणि 78 दिवस चालली. कारण कोसोव्होत, तेव्हाच्या सर्बियाच्या प्रांतात, अल्बेनियन लोकांवर चाललेली इथल्या मिलोशेविच सरकारची दडपशाही. त्याबद्दल इथे घरोघरी वेगळं ऐकायला मिळतं. मी त्यात पंच व्हायला जात नाही.

लोक हे सांगतात ते बहुतेक हसत. कालेमेग्दानवर बुद्धिबळ खेळणारे म्हातारे असतात. त्यांतल्या एकाने मला ऐकवलं, "1944 मध्ये आमच्या खेड्यांनी तुमचे पाचशे वैमानिक जर्मनांपासून लपवले. 99 मध्ये तुम्ही पोच दिलीत." आणि वजीर पुढे सरकवला. रडारला न दिसणारं एक अमेरिकन विमान त्या युद्धाच्या चौथ्याच दिवशी इथे पाडलं गेलं. त्यावरचा विनोद अजून चालतो, "माफ करा, ते अदृश्य आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं." ते पाडणारा अधिकारी पुढे बेकरी चालवू लागला आणि त्या विमानाच्या वैमानिकाशी त्याची दोस्ती झाली. मला विचाराल तर या देशाचा स्वभाव कळायला एवढं पुरे.

माझी अडचण निराळी होती. टॅक्सीवाला आरशात बघून विचारतो, "ओदाक्ले स्ते?" कुठल्या तुम्ही? माझा चेहरा बघून त्याला हवं असलेलं उत्तर मी देऊन टाकायचे, "भारत." की लगेच जुन्या युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष तिटो, नेहरू, 1961 ची बेलग्रेडची अलिप्त राष्ट्रांची परिषद, इंदिरा, हिंदी सिनेमे. भाडं सोडून सगळं निघायचं. पाऊस नसतानाही छत्री उघडी ठेवावी तसं मी ते उत्तर वापरायला लागले. आजीसुद्धा पाहुण्यांना माझी ओळख "नाशा इंदियका" अशी करून द्यायच्या, आमची भारतीय. मी कधी दुरुस्त केलं नाही.

गंमत अशी की न्यू जर्सीत अठरा वर्षांत मला कुणी अमेरिकन म्हणालं नव्हतं. "तशी मूळची कुठली?" हे मात्र दुकानापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे. अमेरिकन असण्याबद्दल मला पहिला प्रश्न विचारला गेला तो बेलग्रेडात, तेही मिरच्या सोलताना.

सप्टेंबरात इथे सगळ्या शहराला भाजलेल्या मिरच्यांचा वास येतो. 'आय्वर'चे, म्हणजे या मिरच्यांच्या चटणीचे दिवस. आपलं उन्हाळी वाळवण, तशी यांची 'झिम्नित्सा', हिवाळ्याची बेगमी. आजींनी लाल, लांबट, गोड्या मिरच्यांचं वीस किलोचं पोतं आणलं होतं आणि इमारतीमागे पत्र्याच्या जुन्या चुलीवर भाजायला घेतलं होतं. मिरची चारी बाजूंनी काळी होऊ द्यायची, गरम असतानाच झाकून ठेवायची, घाम फुटला की साल सुटते. वांग्याच्या भरताला जन्मभर बोटं भाजून घेतलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. मी स्टूल ओढून बसले. वांगं घालायचं की नाही यावर दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंशी आजींचं कडाक्याचं भांडण होऊन गेलं होतं. आजी न घालणाऱ्यांतल्या.

सोलता सोलता त्या म्हणाल्या, "2 मेच्या रात्री वीज गेली. ग्राफाइटचे धागे सोडणारे बॉम्ब होते, तारांवर बसले की सगळं बंद. फ्रीजरमधलं मांस वितळायला लागलं. मग काय, सगळ्यांनी आणलं खाली, इथेच, या जागी चुली पेटवल्या. अर्ध डुक्कर होतं आमच्याकडे. ज्यांच्याशी मी बोलत नव्हते त्यांनाही वाढलं." एक मिरची झाली. "तू कुठे होतीस तेव्हा?"

"पुण्यात. बारावीची परीक्षा झाली होती. मेमध्ये आमच्याकडे कारगिल सुरू झालं, घरात टीव्हीवर तेच."

"म्हणजे तुझ्याकडेही युद्ध."

इथे थांबता आलं असतं. त्यांनीच वाट करून दिली होती. पण बोटांना चिकटलेली काळी साल पुसत मी बोलून गेले, "आजी, नागरिकत्व मी नंतर घेतलंय. 2016 मध्ये. हात वर करून शपथ घेतली. कुणी बळजबरी केली नव्हती."

आजी काही बोलल्या नाहीत. दळलेल्या मिरच्यांचं पहिलं पातेलं चुलीवर चढलं होतं. तेल घालून ते तासन् तास ढवळावं लागतं. चमचा फिरवल्यावर मागे पातेल्याचा तळ क्षणभर दिसायला लागला की झालं. त्यांनी लाकडी चमचा माझ्याकडे सरकवला.

"वर केला होतास तोच हात इकडे लाव. माझा खांदा भरून आलाय."

अंधार पडेपर्यंत ढवळत होते. त्या दिवशी न्यू जर्सीला मी आजारी होते, तुम्हाला म्हणून सांगते.

छत्री मी तेव्हापासून मिटली. टॅक्सीत हल्ली दोन्ही सांगते, आधी एक, मग दुसरं. कधीकधी मधे अर्धा मिनिट शांतता पडते, मग रस्ता खराब असल्याचा विषय निघतो. एकदाच कुणी काही विचारलं नाही. 1 नोव्हेंबर 2024 ला नोवी साद स्टेशनच्या दारावरचं काँक्रीटचं छत कोसळलं, 16 माणसं गेली. त्या हिवाळ्यात 11 वाजून 52 मिनिटांनी, छत पडलं त्या वेळेला, चौकाचौकात लोक गाड्या अडवून पंधरा मिनिटं गप्प उभे राहायचे. मंडईतून येताना मी अशाच एका चौकात अडकले. पिशवी खाली ठेवली आणि उभी राहिले. शेजारच्या मुलाने माझी पिशवी कलंडू नये म्हणून पाय लावून धरली.

आय्वरच्या दोन बरण्या माझ्या वाट्याला आल्या. झाकणाखाली चिठ्ठी चिकटवलेली, सिरिलिक अक्षरांत साल आणि खाली 'अमेरिकांका', म्हणजे अमेरिकन बाई. डिसेंबरात आजींच्या घरी 'स्लावा' होती, कुटुंबाच्या संताचा दिवस, आपल्या कुळधर्मासारखा. त्याला आमंत्रण नसतं, ज्याने त्याने आठवणीने जायचं. रिकामी बरणी परत द्यायची नाही हे माझ्या अंगात मुरलेलं. गरम पाण्यात भिजवूनही ती चिठ्ठी निघेना, म्हणून तशीच बरणी भरली आणि वर नेऊन दिली. आत आईच्या पद्धतीचं लिंबाचं गोड लोणचं.

चार दिवसांनी आजींचा नातू दारात. हातात बरणी, तळाशी दोन फोडी उरलेल्या.

"आजी विचारतेय, हे अमेरिकन खाणं फ्रीजमध्ये ठेवायचं की बाहेर?"