तुम्ही विचारलंत म्हणून: क्रॉमवेल रणगाड्याला इतका उशीर का झाला?

ज्या ब्रिटनकडे दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीच स्पिटफायरसारखे लढाऊ विमान होते, त्याला क्रॉमवेलसारखा भरवशाचा क्रूझर (म्हणजे वेगवान) रणगाडा रणांगणात उतरवायला १९४४ साल का उजाडावे लागले, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तोफ आणि चिलखत यांवर पुष्कळ चर्चा होते. माझ्या मते विलंबाचे मूळ इंजिनात आहे.

आधीचा ब्रिटिश रणगाडा क्रुसेडर लिबर्टी इंजिनावर चालत असे. हे पहिल्या महायुद्धातले, विमानांसाठी बनवलेले अमेरिकी इंजिन. रणगाड्यात त्याची ताकद जेमतेम ३४० अश्वशक्ती. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्याचे पाण्याचे पंप गळत, पंखा फिरवणाऱ्या साखळ्या झिजत आणि शत्रूचा एकही गोळा न लागता रणगाडे वाटेतच बंद पडत. आतल्या सैनिकांचे त्यामुळे काय होत असेल, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

उपाय सापडला तो रोल्स-रॉइसच्या डब्ल्यू. ए. रोबॉथम यांच्या चमूला. त्यांनी स्पिटफायरचेच मर्लिन इंजिन घेतले, त्याचा सुपरचार्जर (इंजिनात दाबाने जादा हवा भरणारा पंप) काढला, फिरण्याची दिशा उलटी केली आणि ते कमी प्रतीच्या पेट्रोलवर चालेल असे केले. हेच मीटिऑर. लिबर्टीप्रमाणेच बारा सिलिंडर आणि २७ लिटर क्षमता, पण ताकद ६०० अश्वशक्ती! १९४१ मध्ये ऑल्डरशॉट येथे ते क्रुसेडरमध्ये बसवून पळवले, तेव्हा वेग मोजणाऱ्यांचीच तारांबळ उडाली.

मग घोडे अडले कुठे? मर्लिनवर पहिला हक्क हवाई दलाचा होता, आणि एवढे ताकदवान इंजिन रणगाड्याच्या बंदिस्त पोटात थंड कसे राहील, अशी शंका रणगाडे बनवणाऱ्या लेलँड कंपनीला होती. त्यामुळे जवळजवळ एकाच आराखड्याचे तीन रणगाडे निघाले: कॅव्हेलियर आणि सेंटॉर जुन्या लिबर्टीवर, फक्त क्रॉमवेल मीटिऑरवर. ही शक्तीची उधळपट्टी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरुवातीच्या मीटिऑरसाठी तर विमानाला न चालणारे मर्लिनचे सुटे भागही वापरावे लागले; पुढे १९४३ पासून रोव्हर कंपनीने हे काम हाती घेतले.

नॉर्मंडीत क्रॉमवेलच्या ७५ मिलिमीटर तोफेला जर्मनांच्या टायगर रणगाड्याचे समोरचे चिलखत भेदता येत नव्हते, हे खरेच आहे. टरेटच्या (तोफ बसवलेल्या फिरत्या बुरुजाच्या) सपाट, उभ्या पत्र्यांवरील बोल्टची मोठाली गोल डोकी पाहिली, की ही रचना आधीच्या पिढीची आहे हे लगेच ध्यानात येते. मात्र ताशी सुमारे ६० किलोमीटर धावणारा हा रणगाडा क्रुसेडरसारखा वाटेत दगा देत नसे. मीटिऑर पुढे सेंचुरियनमध्येही बसवले गेले आणि १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल तारापोर यांच्या नेतृत्वाखाली पूना हॉर्स ही भारतीय रेजिमेंट फिलोरा येथे लढली, ती याच सेंचुरियन रणगाड्यांवर.