रांग टाळण्याचे पैसे: डिस्ने वर्ल्डच्या पासांचा नाशिकहून मांडलेला हिशेब

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आमच्या गंगापूर रोडवरच्या सोसायटीतून अमेरिकेला निघालेले एखादे तरी कुटुंब असतेच. मुलगा किंवा दीर न्यू जर्सीत नाहीतर डॅलसला असतो, मुख्य मुक्काम त्याच्याकडे असतो आणि मधले काही दिवस मुलांसाठी म्हणून फ्लोरिडातील ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला राखून ठेवलेले असतात. आम्ही तिथे जाऊन आलेलो असल्यामुळे चौकशी माझ्याकडे येते. विमान आणि हॉटेल यांची माहिती सगळ्यांनी आधीच काढलेली असते. अडते ते रांग टाळण्यासाठी वेगळे पैसे भरून घ्यायच्या पासांपाशी. ‘ताई, तिकिटाला एवढे पैसे मोजल्यावर आत गेल्यावर पुन्हा हे कशाला?’ हा समोरच्या विंगेतील वहिनींचा प्रश्न मला रास्त वाटला. माझे उत्तर असे की तिथल्या चारपैकी एका उद्यानात, आणि तेही घरातील सर्वांसाठी नव्हे तर काहींसाठीच, हा पास घेण्यात अर्थ आहे. बाकी ठिकाणी आपण बहुतांशी स्वतःच्या धास्तीचे पैसे भरत असतो.

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणजे एकच मोठे उद्यान, अशी आपल्याकडे समजूत असते. प्रत्यक्षात तो सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा, म्हणजे नाशिक महापालिकेच्या हद्दीच्या एक तृतीयांशाहून मोठा परिसर आहे आणि त्यात चार स्वतंत्र उद्याने आहेत: १९७१ साली उघडलेले मॅजिक किंगडम, १९८२ चे एपकॉट, १९८९ चे हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ चे अ‍ॅनिमल किंगडम. तिकीट दिवसाच्या हिशेबाने असते आणि गर्दीच्या हंगामात मॅजिक किंगडमचे एका दिवसाचे तिकीट माणशी दोनशे डॉलरच्या घरात जाते. रांग टाळण्याचा पास या तिकिटावर आणखी, आणि तोही त्या त्या दिवसापुरता घ्यावा लागतो.

ही सोय पूर्वी फुकट होती, हे आजच्या दरांकडे पाहताना लक्षात ठेवले पाहिजे. १९९९ मध्ये ‘फास्टपास’ सुरू झाला तेव्हा राइडजवळच्या यंत्रात प्रवेशाचे तिकीट घातले की वेळ छापलेली चिठ्ठी बाहेर येत असे आणि त्या वेळेला परत आले की छोट्या रांगेतून आत सोडत. पुढे चिठ्ठीची जागा मनगटी पट्ट्याने आणि फोनने घेतली, तरी पैसे पडत नव्हते. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे उद्याने बंद झाली आणि पुन्हा उघडल्यावर ती मोफत सोय परत आलीच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या जागी माणशी दिवसाला १५ डॉलर दराने ‘जीनी प्लस’ आली. वर्षभरात तिचा दर तारखेनुसार आणि नंतर उद्यानानुसारही बदलू लागला. आणि जुलै २०२४ पासून त्याच योजनेला ‘लायटनिंग लेन मल्टी पास’ हे नाव मिळाले.

सध्या प्रकार तीन आहेत. मल्टी पासमध्ये एका उद्यानातील तीन राइड्ससाठी एकेका तासाची वेळ आधीच निवडून ठेवता येते, आणि त्यांपैकी एक वापरून झाली की त्याच दिवशी पुढची निवडता येते; मात्र एक राइड दिवसातून एकदाच. अ‍ॅनिमल किंगडम सोडले तर इतर तिन्ही उद्यानांत राइड्सचे दोन गट पाडलेले आहेत आणि सर्वाधिक मागणीच्या गटातून सुरुवातीला एकच निवडता येते. सर्वांत लोकप्रिय अशा मोजक्या राइड्स, उदाहरणार्थ मॅजिक किंगडममधील ‘ट्रॉन’ किंवा हॉलिवूड स्टुडिओजमधील ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’, या मल्टी पासात येतच नाहीत. त्यांच्यासाठी राइडगणिक वेगळा ‘सिंगल पास’ घ्यावा लागतो. तिसरा ‘प्रीमियर पास’ २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस आला. त्यात वेळ ठरवण्याची भानगड नाही. त्या उद्यानातील लायटनिंग लेन, म्हणजे पासवाल्यांची वेगळी छोटी रांग, असलेल्या प्रत्येक राइडवर केव्हाही एकदा जाता येते. सुरुवातीला जाहीर झालेला त्याचा दर उद्यान आणि दिवस पाहून माणशी १२९ ते ४४९ डॉलर होता. डॉलर नव्वद रुपयांचा धरला तर वरचा आकडा एका माणसाला, एका दिवसासाठी, चाळीस हजार रुपयांच्या पुढे जातो. त्याविषयी मी इतकेच म्हणेन की ज्यांना तो परवडतो, ते माझ्याकडे सल्ला मागायला येत नाहीत.

आता मुद्द्याचा भाग. पैसे भरले म्हणून राइडची क्षमता वाढत नाही. समजा एखादी राइड तासाला हजार माणसे नेते आणि साध्या रांगेत तुमच्या पुढे चारशे माणसे उभी आहेत. दुसरी रांगच नसेल तर चोवीस मिनिटांत तुमचा नंबर लागेल. पण त्या हजारांपैकी सहाशे जागा पासवाल्यांना दिल्या तर उरलेल्या चारशे जागांवर तुमच्या पुढची चारशे माणसे जायला पूर्ण एक तास लागतो. पासवाले नसते तर त्यांतील बरेच जण तुमच्याच रांगेत पुढेमागे उभे असते हे खरे, त्यामुळे सगळ्यांचे मिळून ताटकळणे फारसे बदलत नाही. बदलते ते कोणी ताटकळायचे एवढेच. दोन्ही रांगा शेवटी जिथे एकत्र येतात तिथे एक कर्मचारी उभा असतो आणि तो पासवाल्यांच्या रांगेतून बरीच माणसे सोडल्यावर साध्या रांगेतील थोडी सोडतो. त्या जागी पाच मिनिटे उभे राहून पाहिले तर योजनेची सारी रचना उलगडते.

आपल्याला हे नवे नाही. त्र्यंबकेश्वरी धर्मदर्शनाची रांग आणि दोनशे रुपयांचे देणगी दर्शन शेजारी शेजारी चालते, गाभाऱ्याचा दरवाजा तेवढाच राहतो आणि श्रावणी सोमवारी धर्मदर्शनाच्या रांगेतील माणूस शेजारून पुढे सरकणाऱ्यांकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर मला ऑर्लँडोतही दिसली. फरक इतकाच की धर्मदर्शनाच्या रांगेतील माणसाने प्रवेशासाठी काही मोजलेले नसते आणि डिस्नेच्या साध्या रांगेतील माणसाने माणशी शे-दोनशे डॉलर आधीच मोजलेले असतात. या व्यवस्थेतली मला खुपणारी गोष्ट ही आहे: साधी रांग जितकी लांबते तितका पास अधिक विकला जातो, आणि पास जितका विकला जातो तितकी साधी रांग लांबते. दोन्ही टोके एकाच विक्रेत्याच्या हातात आहेत. एवढे म्हणूनही आम्ही मॅजिक किंगडमसाठी पास घेतला, कारण तत्त्वासाठी आठ वर्षांच्या मुलाला दुपारच्या उन्हात दीड-दीड तास उभे करण्याची माझी तयारी नव्हती.

मॅजिक किंगडमच का, तर तिथे राइड्सची संख्या सर्वांत जास्त आहे आणि त्यांतील काहींची क्षमता मागणीच्या मानाने फारच कमी आहे. ‘पीटर पॅन्स फ्लाइट’ ही १९७१ पासूनची लहान मुलांची राइड याचे उत्तम उदाहरण: तिच्या एका गाडीत मोजकीच माणसे बसतात, आणि ती प्रत्येक लहान मुलाला हवी असते, त्यामुळे तिची रांग दिवसभर हटत नाही. पासाचे पैसे अशा ठिकाणी वसूल होतात. उलट ‘हाँटेड मॅन्शन’मध्ये गाड्यांची न थांबणारी साखळी सतत माणसे उचलत असते, म्हणून तिथे फाटकाबाहेर पसरलेली रांगही पाहता पाहता पुढे सरकते, सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा गेल्यास पासाची गरजच भासत नाही. अ‍ॅनिमल किंगडममध्ये मुळात राइड्स कमी आहेत. सफारी आणि चालत पाहण्याच्या प्राण्यांच्या वाटा यांतच दिवस चांगला जातो. ‘अवतार फ्लाइट ऑफ पॅसेज’साठी फार तर एक सिंगल पास घ्यावा, मल्टी पास नको. एपकॉटचा अर्धा भाग निरनिराळ्या देशांच्या दालनांत फिरण्याचा आणि खाण्याचा आहे, म्हणून तिथेही मल्टी पास नको. हॉलिवूड स्टुडिओजबद्दल मात्र माझे मत ठाम नाही. घरात किशोरवयीन मुले असतील तर तिथे पास उपयोगी पडेल. आमच्याकडे ती वेळ अजून आलेली नाही.

आपल्या कुटुंबांचा खरा पैसा वाचतो तो माणसे मोजताना. पास माणशी असतो आणि कुटुंबातील सर्वांनी तो घेतलाच पाहिजे असा नियम नाही. आमच्याबरोबर सासूबाई होत्या. त्यांना अंधारातील किंवा वेगाच्या कोणत्याही गोष्टीत बसायचे नव्हते, हे त्यांनी नाशिकलाच बजावून ठेवले होते. मल्टी पासचा दर त्या दिवशी तीस डॉलर असेल तर पाच जणांचे, कर वगळून, साडेतेरा हजार रुपये होतात. तोच पास तिघांसाठी घेतला तर आठ हजार शंभर. वेगाच्या राइड्सवर ज्येष्ठ मंडळी जाणार नसतील तर त्यांच्यासाठी पास घेणे म्हणजे पैसे पाण्यात. आम्ही रांगेत असताना सासूबाई आणि यजमान पीपलमूव्हरमध्ये बसून उंचावरून संथपणे फिरून येत, किंवा उद्यानाभोवती फिरणाऱ्या वाफेच्या आगगाडीत बसत; या दोन्हींना पास नसतोच आणि रांगही सहसा फार नसते. तीन वर्षांखालील मुलांना तर प्रवेशाचे तिकीटही लागत नाही.

उंचीची अट घरीच पाहून घ्यावी. ‘ट्रॉन’ला १२२ सेंटिमीटर, ‘स्पेस माउंटन’ला ११२ आणि ‘सेव्हन ड्वॉर्फ्स माइन ट्रेन’ला ९७ सेंटिमीटर उंची लागते, मूल बसत नसेल तर त्याच्या नावाने त्या राइडसाठी पैसे भरण्यात काहीच अर्थ नाही. अशा वेळी ‘रायडर स्विच’ नावाची मोफत सोय वापरावी: आई किंवा बाबा आधी जाऊन येतात, दुसरे मुलाजवळ थांबतात आणि नंतर त्यांना मोठ्या रांगेत पुन्हा उभे न राहता आत सोडतात. राइडच्या तोंडाशी असलेल्या कर्मचाऱ्याला आधी सांगावे लागते, एवढेच.

नाशिकहून बुकिंग करणाऱ्यांनी घड्याळाकडे लक्ष द्यावे. डिस्नेच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या पहिल्या दिवसाआधी सात दिवस, आणि बाहेर उतरणाऱ्यांना उद्यानात जाण्याच्या तीन दिवस आधी, तिथल्या सकाळी सात वाजता वेळा निवडता येतात. उन्हाळ्यात तिथले सकाळचे सात म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेचार. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातात आणि मग तेच साडेपाच होतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांचे बुकिंग नेमके या बदलाच्या आगेमागे येते, तेव्हा तारीख पाहूनच वेळ धरावी. अ‍ॅपमध्ये सगळ्यांची तिकिटे आधीच जोडून ठेवावीत आणि कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेकडून सुरू करून घ्यावेत. सात वाजून पाच मिनिटांनी या गोष्टी करत बसले तर चांगल्या वेळा निघून गेलेल्या असतात.

वेळा निवडताना तिन्ही सकाळच्या निवडाव्यात, कारण पुढची राइड निवडण्याची मुभा आधीची एक वापरल्यावरच मिळते. पहिलीच वेळ दुपारी दोनची घेतली तर पासाचा अर्धा उपयोग गेला. याची दुसरी बाजू अशी की घरातील एकाला दिवसभर फोनमध्ये डोके घालून बसावे लागते. आमच्याकडे ते काम माझ्याकडे होते आणि मुलगा दोनदा म्हणाला की आई, तू वर बघतच नाहीस. पॉवर बँक विसरू नये.

डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना चारही उद्यानांत रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो, आणि त्या अर्ध्या तासाचे मोल मला पासाइतकेच वाटते. आपल्या मंडळींना पहाटेची सवय असते, शिवाय पहिले काही दिवस वेळेच्या फरकामुळे चार वाजताच जाग येते. त्याचा फायदा करून घ्यावा. याउलट त्याच शहरातील युनिव्हर्सल ऑर्लँडो या दुसऱ्या कंपनीच्या उद्यानांचा हिशेब निराळा आहे: त्यांच्या हार्ड रॉक, पोर्टोफिनो बे आणि रॉयल पॅसिफिक या तीन महागड्या हॉटेलांत राहणाऱ्यांना दोन जुन्या उद्यानांचा एक्सप्रेस पास, म्हणजे त्यांचा रांग टाळण्याचा पास, खोलीच्या भाड्यातच मिळतो. मोठ्या कुटुंबाने एक रात्र तिथे काढून पासाचे पैसे वाचवणे शक्य असते. मात्र मे २०२५ मध्ये उघडलेले त्यांचे एपिक युनिव्हर्स हे उद्यान त्यात येत नाही.

आणखी एक गोष्ट मे ते ऑगस्टदरम्यान जाणाऱ्यांसाठी. फ्लोरिडात या दिवसांत दुपारनंतर विजांसह पाऊस येतो आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड्स बंद ठेवतात. तुमची निवडलेली वेळ त्यात सापडली तर मल्टी पासमधील ती नोंद वाया जात नाही. अ‍ॅपमध्ये ती आपोआप बदलते आणि दिलेल्या यादीतील दुसऱ्या राइडसाठी नंतर वापरता येते. तरीही बाहेरच्या राइड्स सकाळी आणि छताखालच्या दुपारी ठेवाव्यात, असे मी वहिनींना सांगितले आहे. त्यांचे बुकिंग येत्या गुरुवारी साडेचार वाजता आहे आणि पास तिघांचाच घ्यायचे ठरले आहे.