तांदळात लिहिलेलं नाव

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नेहमीचाच आहे: "काकू, सत्तरी आली, गुडघे साथ देत नाहीत, तरी दर निवडणुकीला सकाळी सातच्या आत रांगेत कशाला? तुमच्या एका मताने काय होणार?" कॉलनीतली मुलं विचारतात, भिशीतल्या मैत्रिणी विचारतात, घरात सूनही विचारते.

१३ मे २०२४ ला तर जरा जास्तच विचारलं. त्या वेळी इंदुरात एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतला होता आणि निकाल काय लागणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्लीत लवकर मत देऊन येणाऱ्यांना पोहे-जिलबी फुकट होती, तरी पुष्कळ जण घरीच बसले. मी सातला पाच कमी असताना शाळेच्या फाटकाशी उभी होते. मोजणी झाली तेव्हा २ लाख १८ हजारांहून जास्त इंदूरकरांनी नोटाचं बटण दाबलेलं निघालं. त्याआधी देशातल्या कुठल्याही मतदारसंघात नोटाला एवढी मतं पडली नव्हती. मी कुठलं बटण दाबलं ते सांगणार नाही. आमच्या घरात ते सांगायची पद्धत नाही, आणि ती पद्धत आजीने पाडली.

आजी म्हणजे वडिलांची आई. साताऱ्याकडची. चौदाव्या वर्षी लग्न होऊन इंदुरात आली. माहेरचं नाव नदीचं होतं. लग्नात आजोबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, ते देवीचं. सव्विसाव्या वर्षी आजोबा विषमज्वराने गेले. पदरात दोन मुलं, आणि थोरल्या दिरांच्या वाड्यात मागच्या बाजूची एक खोली. दिरांनी घराबाहेर काढलं नाही, हे ती नेहमी आवर्जून सांगायची. पण मुलांच्या फीचं आणि कपड्यांचं तिचं तिलाच बघावं लागलं. मग रामबागेतल्या चार घरी ती पोळ्या करायला जाऊ लागली. चैत्रातल्या हळदीकुंकवाची वाटली डाळ आणि पन्हं तिच्या हातचं असायचं, ती मात्र आत चुलीपाशी. बाहेरच्या खोलीत यायची तिला सोय नव्हती. चार घरांत ती 'पोळ्यांच्या बाई' होती, मुलांसाठी आई, आणि वाड्यात नुसतं 'अगं ए'. तांदळात लिहिलेलं नाव आजोबांबरोबरच गेलं म्हणा ना.

मतदारांची पहिली यादी करायला माणूस वाड्यात आला तेव्हा ओसरीवर थोरले दीर बसले होते. आत बायका किती, एवढं त्याने विचारलं. दिरांनी सांगितलं, लिहा: माझी पत्नी, अमक्याची आई, तमक्याची विधवा. आत चुलीपुढे बसलेल्या आजीला हे सगळं ऐकू येत होतं. बायकांची नावं परक्या पुरुषाला सांगायची नाहीत, हे त्या घराला जगरहाटीसारखं वाटत होतं.

हे एकट्या आमच्या वाड्यात झालं असतं तर मी लिहिलंही नसतं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशात १७ कोटींहून जास्त मतदार होते, त्यात जवळजवळ ८ कोटी बायका. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी सांगितलं की मतदाराचं स्वतःचं नाव हवं, अमक्याची बायको आणि तमक्याची आई चालणार नाही. नावं दुरुस्त करायला सांगितलं गेलं, बिहारला त्यासाठी महिनाभर वाढवून दिला, आणि तरीही जवळजवळ २८ लाख बायकांची नावं कळली नाहीत. त्या यादीतून गेल्या. बहुतेक सगळ्या बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारत या राज्यांतल्या. मध्य भारत म्हणजे आपणच, इंदूर-ग्वाल्हेरचं राज्य. अहिल्याबाईंचं नाव सकाळ-संध्याकाळ घेणाऱ्या मुलखात बायकांची नावं यादीत लिहायला मिळेनात.

हे मी शिक्षिका झाल्यावर वाचलं आणि मला फार राग आला. नाव दारात बसलेल्या पुरुषांनी सांगितलं नाही आणि मत गेलं ते आतल्या बायकांचं. सेनसाहेबांनी थोडं थांबायला हवं होतं, असं मी आजीला तावातावाने म्हटलं होतं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "अगं, थांबले असते तर तसंच चाललं असतं. कुणीतरी विचारलं तरी, की बाई, तुझं नाव काय."

आजी मात्र त्या २८ लाखांत गेली नाही. ज्या घरी ती पोळ्या करायची तिथले मास्तर एकदा यादी बघून आले आणि म्हणाले, बाई, तुमची नोंद 'अमक्याची आई' अशी आहे, ही राहायची नाही, स्वतः जाऊन नाव सांगा. दोन घरच्या पोळ्या आटपून ती कचेरीत गेली. एकटी, पदर घट्ट घेऊन. तोवर ती बाजार आणि देऊळ सोडून एकटी कुठे गेलीच नव्हती. कारकुनाने नाव विचारलं. ती गप्प. त्याने पुन्हा विचारलं. मग तिने त्यालाच विचारलं, "माहेरचं सांगू की सासरचं?" तो म्हणाला, एकच लिहिता येईल, कुठलं ते तुम्ही ठरवा.

हा प्रसंग ती मला पुन्हा पुन्हा सांगायची. मी कॉलेजात असताना मला वाटायचं, तिने नदीचं नाव सांगायला हवं होतं, जन्माचं, स्वतःचं. तिने देवीचं सांगितलं. का, असं विचारल्यावर म्हणाली, "त्यांनी एकदा लिहिलं होतं, ते पुसून गेलं. म्हटलं, आता शाईने लिहून घ्यावं." यावर मला आजतागायत काही बोलता आलेलं नाही.

मतदान हिवाळ्यात झालं. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांत नऊसुद्धा साक्षर नव्हत्या, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची, एवढंच काम. बायकांच्या रांगेत आजीच्या मागे वाड्यातल्या जाऊबाई होत्या, त्यांच्या मागे जिच्या हळदीकुंकवाला आजी आत बसायची ती घरमालकीण. पहाटे पोळ्या उरकून आजी आधी पोचली होती म्हणून पुढे, दुसरं काही कारण नाही. कुणी तिला मागे हो म्हटलं नाही. टेबलाशी बसलेल्या माणसाने यादीवर बोट ठेवून तिचं नाव मोठ्याने वाचलं. उमेदवारांच्या माणसांना ऐकू जावं म्हणून तसं वाचतात. आजोबा गेल्यानंतर अकरा वर्षांनी ते नाव कुणीतरी उच्चारलं होतं. "हाक मारल्यासारखं वाटलं," एवढंच ती म्हणायची.

दुसऱ्या दिवशी ती पोळ्या लाटत असताना घरमालकीणबाई जवळ येऊन बसल्या. डाव्या हाताच्या तर्जनीवर शाई, बोटाला कणीक लागलेली. बाईंनी आपलंही बोट पुढे केलं. दोन्ही बोटांवर सारखाच डाग. दोघी काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या चैत्रात आजीला पन्हं घ्यायला बाहेर बोलावलं गेलं. शाईमुळे बोलावलं असं मी म्हणणार नाही, बाई मनाने चांगल्याच होत्या; पण आजी मात्र या दोन गोष्टी नेहमी एकापाठोपाठ एक सांगायची.

पुढे शाळेत शिकवताना मी अशा बायकांबद्दल मिळेल ते वाचत गेले. घटना समितीत दाक्षायणी वेलायुधन होत्या, तिथल्या एकमेव दलित स्त्री सदस्य. कोचीजवळच्या मुळवुकाड बेटावर पुलय समाजात १९१२ साली जन्मल्या. त्या समाजातल्या मुलींना देवीचं असं संस्कृत नाव ठेवणं हे वरच्या जातींना उद्धटपणाचं वाटायचं, आणि आईबापांनी तेच ठेवलं. कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांना उपकरणांना हात लावू देत नसत. लांबून बघून बघून त्या शिकल्या आणि पदवीधर झाल्या. ज्या सभेने प्रत्येक सज्ञान माणसाला मत दिलं, तिथे त्या बसल्या होत्या. महू इथून तासाभराच्या अंतरावर, तिथे बाबासाहेबांच्या जन्मस्थानी शाळेतल्या मुलींना नेलं की मी दाक्षायणींबद्दल सांगत असे.

आणि फॅनी लू हेमर. अमेरिकेतल्या मिसिसिपीची काळी शेतमजूर, वीस भावंडांतली शेवटची, सहाव्या वर्षापासून कापूस वेचलेली. काळ्या माणसाला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं हे तिला कळलं तेव्हा तिची चाळिशी उलटली होती. ऑगस्ट १९६२ मध्ये सतरा जणांबरोबर बसने ती नाव नोंदवायला गेली. तिथे परीक्षा: राज्यघटनेतलं कलम समजावून सांगा. नापास केलं. परत आली तर मळ्याचा मालक दारात, म्हणाला नाव मागे घे, नाहीतर चालती हो. अठरा वर्षं त्याच्याकडे राबली होती. तिने त्याला सांगितलं की मी नाव नोंदवायला गेले ती तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. आणि त्याच रात्री मळा सोडला. तरी पुढच्या वर्षी जानेवारीत तिचं नाव यादीत लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये तुरुंगात तिला इतकं मारलं की मूत्रपिंडाची इजा जन्मभर राहिली. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. कचेरीत गप्प उभी राहिलेली आजी डोळ्यांपुढून हलेना.

माझं पहिलं मत १९७७ चं. तेव्हा २१ पूर्ण लागायचं. आजीच साडी नेसून आधी तयार, आणि तुम्ही मला विचारता तेच मी तिला विचारलं होतं. ती माझा हात धरून चालत राहिली. मी टेबलाशी गेले, नाव वाचलं गेलं, तेव्हा ती मागून म्हणाली, "ऐकलंस?"

पुढे सरकारी शाळेत नोकरी, म्हणजे इलेक्शन ड्यूटी आलीच. आदल्या दिवशी नेहरू स्टेडियमवर पेट्या, याद्या, शाई, लाख सगळं मोजून घ्यायचं, आणि ट्रकमधून केंद्रावर. १९९३ च्या विधानसभेला सांवेरकडच्या एका गावात माझी ड्यूटी लागली. घुंगट घेणाऱ्या बायकांची ओळख पटवायला एक बाई अधिकारी लागते, म्हणून यादी माझ्याकडे होती. आजी जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

दुपारी एक बाई आली, पन्नाशीची असेल. घुंगट हनुवटीपर्यंत, हातात चिठ्ठी. मी चिठ्ठीवरचा अनुक्रमांक पाहिला, यादीत बोट ठेवलं आणि नाव वाचलं. ती हलली नाही. मग वळून मागे पाहू लागली, कुणाला बोलावताहेत ते बघायला. मागे कुणी नव्हतं. तिचा मुलगा दारातून ओरडला, "अम्मा, थारो ही नाम है!" मी त्याला हाताने गप्प केलं. तिने घुंगटाची कड दोन बोटं वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

मी यादीवर खूण केली, आणि ते नाव पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, वाचलं.